मयत कुकर आणि आमचे नियम

वडप्याच्या एका गोडाऊनच्या ऑफिसात मी नऊ वर्षं नोकरी करते. मिक्सर, कुकर, इस्त्र्या, काचेचे डबे असा घरगुती माल आमच्याकडे ट्रकनं येतो, फडताळांवर चढतो आणि लोकांनी फोनवरून मागवला की खोक्यात भरून पुन्हा बाहेर पडतो. माझ्या कार्डावर पदाचं नाव लांबलचक इंग्रजीत छापलंय. खरं काम एवढंच, की ज्याला जे लिहून हवं असेल त्याला ते लिहून द्यायचं. गेटपास, तक्रारींची उत्तरं, नोटिसा, कोणाचा रजेचा अर्ज, कोणाच्या पोरीच्या शाळेला चिठ्ठी.

मराठीत माझा हात कुठे अडत नाही. इंग्रजीचं मात्र काय सांगू! शेलार गावच्या मराठी शाळेत शिकलेली मी. मालाच्या कंपन्यांचे मेल इंग्रजीत यायचे आणि त्यांना चार ओळींचं उत्तर द्यायला मला दुपारचा डबा पोटात जिरेपर्यंत वेळ लागायचा. मग एक दिवस आमच्या एचआरमधल्या पोरीनं माझा फोन हातातून काढून घेतला. कॉलेज संपवून वर्षभरापूर्वी लागलेली, बोटं टायपिंगच्या मशिनीसारखी चालणारी मुलगी. तिनं फोनमध्ये एआयचं अॅप टाकलं आणि म्हणाली, "ताई, आता डिक्शनरी भंगारात द्या."

फुटून आलेल्या बरण्यांबद्दलचा एक मेल पडला होता. मी मराठीत बोलले, 'बरण्या तुमच्याकडूनच फुटून आल्या, आमची चूक नाही, पण जरा गोड भाषेत सांग.' आणि पुढच्या क्षणी पडद्यावर असं काही इंग्रजी उमटलं की मी खुर्चीतच खुदकन हसले. आजूबाजूला बघितलं. कोणी बघत नव्हतं. मी मेल पाठवून दिला आणि दुसरा उघडला.

त्या दिवसापासून मला जो ज्वर चढला तो उतरेचना. मी त्याला काहीही विचारायची. नणंदेच्या डोहाळजेवणाला उखाणा, गुडघ्याला कुठलं तेल, कोलंबीत कोकम आधी घालावं की नंतर. रिक्षात बसल्या बसल्या बोलायची आणि एकटीच हसायची. पंधरा दिवसांत माझ्या लक्षात आलं, की हा आजार एकटा मला नाही. लोडिंगचे मुकादम, ज्यांना आम्ही सगळे दादा म्हणतो, ते वडप्याचेच. गोडाऊनच्या जागेत एके काळी त्यांचंच भातशेत होतं. नऊ वर्षांत त्यांचा मला आलेला सगळ्यात मोठा मेसेज 'माल भिजला' एवढाच. त्याच दादांनी एका सकाळी लिहिलं, 'आपणांस कळविताना अत्यंत खेद होत आहे की पावसाच्या अनपेक्षित आगमनामुळे मालाच्या गुणवत्तेवर विपरीत परिणाम झाला आहे.' मी काचेतून खाली बघितलं. दादा धक्क्यावर उभे राहून फोनकडे बघत मिशीत हसत होते.

कोणी कोणाला काही विचारत नव्हतं. सगळे एकदम सभ्य झाले होते, बस्स.

मग तो शुक्रवार आला. विकला न गेलेला, धूळ खात पडलेला जो माल असतो त्याला आमच्याकडे डेड स्टॉक म्हणतात. तो कुठे ठेवायचा, कसा ठेवायचा याच्या सूचना कंपनीनं इंग्रजीत पाठवल्या. मॅनेजर साहेब म्हणाले, "मराठीत करा, आजच्या आज लावा." सुटायला दहा मिनिटं होती. मी ते पान अॅपमध्ये टाकलं, आलेलं मराठी मोठ्या अक्षरांत छापलं, पाच प्रती काढल्या, चिकटपट्टीनं गेटपासून आतपर्यंत लावल्या आणि पर्स उचलून पळाले. शेअर रिक्षात मला जागा मिळाली म्हणून मी खूशसुद्धा होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी रिक्षातून उतरले तर फाटकाबाहेर माल भरणाऱ्या बायका घोळक्यानं उभ्या. एकीनंही आत पाऊल टाकलेलं नव्हतं. या बायका डोंगराकडच्या पाड्यांवरून टेम्पोनं येतात. त्यांच्यातली सगळ्यात जुनी म्हणजे मावशी. चौथीपर्यंत शिकलेली, पण छापलेलं काहीही दिसलं की मोठ्यानं वाचल्याशिवाय पुढे सरकत नाही, बिस्किटाचा पुडासुद्धा. ती नोटिशीसमोर उभी होती. मला बघताच तिनं माझं मनगट धरलं.

"बाय, खरा सांग. आत किती हायत?"

"काय किती?"

"मेलेली."

मला काही कळेना. मावशीनं बोट ठेवून अक्षर न् अक्षर वाचायला सुरुवात केली. "मृ-तां-चा साठा चार नंबरच्या विभागात ठेवावा. मृतांना नेहमी झाकून ठेवावे. परवानगीशिवाय मृतांना हलवू नये. तीन महिन्यांहून जुन्या मृतांची विल्हेवाट दर शुक्रवारी लावण्यात येईल."

एकीनं पदर तोंडाला लावला. "काल शुक्रवारच व्हता," ती हळूच म्हणाली.

तेवढ्यात दादा मोटारसायकलवरून आले. त्यांनी नोटीस वाचली, डोक्यावरची टोपी काढली आणि गंभीर आवाजात म्हणाले, "काल सांजच्याला मी निंगालो तवा तं सगली जित्ती व्हती."

मीही नोटिशीकडे बघितलं. भीती होती, लाज होती, पण त्या दोघींच्या वरताण हसू होतं. मी ओठ दाबले. त्यात रात्रभर गाडी चालवून आलेला ट्रकवाला पुढे झाला. त्याला कोणीतरी नोटिशीचा अर्थ सांगितला होता. हात जोडून म्हणाला, "मैडम, मैं गरीब आदमी हूँ। मेरे पास बॉडी ले जाने का परमिट नहीं है।"

मग मात्र माझा बांध फुटला. मी इतकी हसले की बाजूला असलेल्या वजनकाट्यावर मी फतकल मारून बसले. काट्यावर लाल आकडे पेटले. "अडसठ किलो," ट्रकवाल्यानं सवयीनं मोठ्यानं वाचलं. आता बायकाही हसायला लागल्या, दादा हसायला लागले, आणि नक्की कशाला हसतोय हे अर्ध्यांना माहीत नसताना अख्खं फाटक खदखदत होतं.

साहेबांची गाडी आली तेव्हा मी अजून काट्यावरच होते.

"हे कोणी लावलं?" त्यांनी विचारलं.

मी हात वर केला, शाळेत करतात तसा.

"तुम्ही लावण्याआधी वाचलं नव्हतं?"

"नाही सर."

त्या 'नाही' नंतर हसू गेलं. इंग्रजी येत नाही म्हणून मी मशिनीकडे गेले होते, ते ठीक. पण नोटीस मराठीत होती. माझ्या भाषेत, माझ्या हातानं छापलेली, माझ्या हातानं चिकटवलेली, आणि मी चार ओळी वाचायची तसदी घेतली नव्हती. नऊ वर्षं ज्या कामाचा मला अभिमान होता तेच काम मी रिक्षा पकडायच्या घाईत टाकून दिलं होतं.

बायका तरीही आत यायला तयार नव्हत्या. मी मावशीचा हात धरला आणि तिला चार नंबरला घेऊन गेले. ताडपत्री ओढली. खाली जुन्या पद्धतीचे कुकर रांगेत बसले होते, झाकणांवर बोटभर धूळ. मावशीनं एका कुकरवर टिचकी मारली, वाकून आत बघितलं आणि परत फिरून दारातून ओरडली, "या गं बायांनो! कुकरची मयत हाय!"

काम सुरू झालं, पण तोवर तासावर वेळ गेला होता आणि साहेबांना वर उत्तर द्यावं लागणार होतं. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी आम्हा ऑफिसवाल्यांना उभं केलं. "एआय वापरायचा की नाही हा प्रश्नच नाही, सगळे वापरतायत हे मला माहितीये. पण याला नियम हवेत. सोमवारी मी नियमावली देतो."

सोमवारी नियमावली आली. सात पानं, खाली साहेबांची झोकदार सही. मी वाचायला घेतली, आणि आता मी ठरवलं होतं की प्रत्येक ओळ वाचायची. म्हणून दुसऱ्याच ओळीला ठेच लागली. तिथं लिहिलं होतं, 'ही नियमावली [येथे आपल्या संस्थेचे नाव लिहा] मधील सर्व कर्मचाऱ्यांस लागू राहील.' मी पुढे वाचलं. पाचव्या पानावर होतं, 'बर्फवृष्टीच्या काळात घरून काम करणाऱ्या कर्मचाऱ्यांनी विशेष दक्षता घ्यावी.'

मी ते पान शेजारच्या एचआरच्या पोरीकडे सरकवलं. तिनं वाचलं आणि टेबलाखाली तोंड लपवलं. दादा सहीसाठी आले होते, त्यांनी वाचलं आणि सरळ साहेबांच्या केबिनच्या दारात जाऊन उभे राहिले.

"सायेब, वडप्याला बरफ पडला तं मी सोता घरून काम करीन. सबूद देतो."

साहेब कल्याणचे, नीटनेटके, शर्टाच्या बाहीची घडीसुद्धा मोडू न देणारे. त्यांनी पान घेतलं, वाचलं, आणि त्यांचे कान हळूहळू लाल होत गेलेले मी काचेतून बघितले. आता ओरडतील असं वाटलं. त्यांनी चष्मा काढला, कपाळ चोळलं आणि एकदम हसले. नऊ वर्षांत मी त्यांचे वरचे दात पहिल्यांदा बघितले.

"तुम्ही करा," ते म्हणाले. "ताई तुम्ही, दादा, एचआर. आणि ज्यांनी नोटीस वाचली त्या मावशी. चौघं बसा आणि मला आपल्या गोडाऊनचे नियम द्या."

मावशीला सांगितलं तर ती मागे सरली. "मना त्यातला काय कलतं?"

"म्हणून तर तुम्ही हव्यात," मी म्हणाले. "तुम्हाला नाही कळलं तर ते आम्ही लिहिणारच नाही."

दुपारी तीनला कॅन्टीन रिकामं असतं. आम्ही चौघं खिडकीशी बसलो, मध्ये कांदाभजीचा कागद, चहा आणि पोरीचा लॅपटॉप. बाहेर हायवेवरून कंटेनर जात होते. पहिली पंधरा मिनिटं एआयला तो म्हणायचं की ते, यावरच गेली. मावशीनं "त्यो" म्हणून निकाल लावला. मग पोरीनं सुचवलं, की नियम लिहायच्या आधी प्रत्येकानं आपण काय काय करून घेतलं ते कबूल करायचं. नाहीतर नियम दुसऱ्यासाठीच लिहिले जातील.

मी सुरुवात केली. वर्षाअखेरीला आपल्या कामाबद्दल आपणच लिहून द्यायचं असतं, ते मी त्याच्याकडून लिहून घेतलं होतं. "वाचल्यावर मला वाटलं, या बाईला कुठे तरी भेटायला हवं," मी म्हणाले.

दादांनी भजी खाली ठेवली. लग्नाच्या वाढदिवसाला त्यांनी बायकोला एआयनं लिहिलेला मेसेज पाठवला होता. माझ्या जीवनाच्या नौकेची तू शिडी, असं बरंच काही. "तिचा लगेच फोन. बोलते, कोनाच्या फोनवरून बोलताव? तुमाला काय जाला तं न्हाय ना?"

मावशीच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं हसून हसून. तिनं अॅप कधी बघितलंही नव्हतं, तिच्याकडे कबूल करायला काही नव्हतं, आणि याचं तिला जरा वाईटच वाटलं.

मग पोरीची पाळी आली. ती म्हणाली, "मी काही एवढं नाही केलं. साहेबांना रजांचा तक्ता हवा होता. मी सगळ्यांचे वर्षभराचे अर्ज टाकले त्यात. नावं, तारखा, कारणं. दोन मिनिटांत तक्ता आला."

"कारणं?" मी विचारलं.

"हो, म्हणजे आजारपण किती, घरगुती किती..." ती बोलता बोलता थांबली. माझ्याकडे बघत होती.

गेल्या दिवाळीनंतर मी तीन आठवडे रजेवर होते. अर्जात मी खरं कारण लिहिलं होतं. गर्भपिशवीचं ऑपरेशन. नवरा, डॉक्टर आणि तो अर्ज, एवढ्यांनाच ते माहीत होतं. सासूलासुद्धा मी पोटाचं ऑपरेशन एवढंच सांगितलं होतं. तो कागद मी बंद पाकिटात दिला होता.

"तू माझ्या नावासकट टाकलंस ते?"

तिनं होकारार्थी मान हलवली. मी बोलले, बरंच बोलले, आणि माझा आवाज कॅन्टीनमधल्या भांड्यांवर आपटून मलाच ऐकू येत होता. पोरीची बोटं कीबोर्डवर तशीच राहिली. "ताई, मला खरंच सुचलंच नाही," ती म्हणाली आणि रडायला लागली. दादा खिडकीबाहेर बघायला लागले. भजी गार झाली.

मावशीनं सगळ्यांच्या तोंडाकडे बघून विचारलं, "मंजे आमची दुखनीबी त्याला ठावी जाली?"

"हो मावशी," पोरगी हुंदका देत म्हणाली. "तुमचाही अर्ज होता. ताप आला होता तो."

मावशीनं पदरानं तोंड झाकलं. खांदे हलायला लागले. मला वाटलं तीही रडतेय.

"ताप कसला," ती पदराआडून म्हणाली, "मी जत्रंला गेल्ते."

दादांना ठसका लागला. चहा त्यांच्या नाकातून आला. मी रागावलेलीच होते, मला हसायचं नव्हतं, पण हसू फुटलंच. "म्हणजे त्याला खोटाच ताप गेला," मी म्हणाले आणि पोरगी रडता रडता हसायला लागली. तिला नीट श्वासही घेता येईना.

हसून झाल्यावर मी तिचा लॅपटॉप माझ्याकडे वळवला. "आधी ते पुसता येतं का बघ." जेवढं पुसता येत होतं तेवढं तिनं आमच्यासमोर पुसलं. पुसलेलं खरंच कुठून कुठून जातं हे तिलाही सांगता येईना आणि तिनं तसं कबूल केलं. मग म्हणाली, "उद्या मी सगळ्यांना स्वतः सांगते." तिनं सांगितलंही. सकाळी फाटकाशी उभी राहून. दोघी तिच्यावर चिडल्या, एकीनं बरेच दिवस तिच्याशी बोलणं टाकलं. पण त्या दुपारी आमचा पहिला नियम झाला आणि तो माझ्या तोंडून आला. कोणाचं दुखणं, कोणाचा पगार, कोणाचं आधार कार्ड, कोणाच्या घरची गोष्ट त्याला सांगायची नाही. तक्ता हवा असेल तर नावं काढून टाकायची, आणि तरी शंका आली तर हातानं करायचा.

पुढचे नियम भराभर सुचत गेले. त्यानं लिहिलेलं एका माणसानं पूर्ण वाचल्याशिवाय बाहेर जाणार नाही. बायकांसाठीची नोटीस आधी त्यांच्यातल्या एकीला वाचून दाखवायची. दादा म्हणाले, धोक्याच्या गोष्टी, म्हणजे कुठला माल कुठल्या मालाशेजारी ठेवला तर पेट घेईल वगैरे, त्याला विचारून ठरवायच्याच नाहीत, कंपनीचा कागद बघायचा. चूक झाली तर त्याच्या नावावर ढकलायची नाही. हे लिहिताना सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली.

एका नियमावर मात्र भांडण झालं. त्याच्याकडून लिहून घेतलं तर खाली तसं नमूद करायचं, असं पोरीचं म्हणणं. दादा उसळले. "मंग बायकोच्या मेसेजखालीबी लिवू? की यो मशिनीनं लिवलाय?"

"तिला कळलंच होतं की," मी म्हणाले.

शेवटी कामाच्या कागदावर लिहायचं ठरलं, घरचा मामला ज्याचा त्याच्याकडे ठेवला.

मावशी बराच वेळ बोटानं टेबलावरचं पाणी ओढत बसली होती. ती म्हणाली, "नवी बाय आली की पयल्या दिशी आपुन तिला एकली सोडतो का? काचंच्या मालाला तं हात लावू देत न्हाय. कोनतरी बाजूला उभा ऱ्हाते. मंग यो कालचा आला, त्याला एकला का सोडलाव?"

पोरीनं ते तसंच्या तसं टाईप केलं.

दोन दिवसांनी आम्ही कागद घेऊन साहेबांकडे गेलो. एकच पान झालं होतं. त्यांनी वाचलं, मान डोलावली, आणि शेवटच्या ओळीवर थांबले. शेवटची ओळ दादांची होती. कोणाला कामावर ठेवायचं आणि कोणाला काढायचं हे त्यानं ठरवायचं नाही, माणसानं ठरवायचं.

"ही ओळ नको," साहेब म्हणाले.

"का सर?"

ते जरा घुटमळले. वरून सांगून आलं होतं म्हणे, की पुढच्या महिन्यात कंत्राट नवं करताना सगळ्यात सावकाश काम करणाऱ्या दहा बायकांची यादी द्या. कोणी किती खोकी भरली ते मोजणाऱ्या स्कॅनरचे आकडे टाकून त्यांनी एआयकडून यादी करून घेतली होती. टेबलाच्या खणात तयार होती.

दादांनी जबडा आवळला. मी काही बोलणार एवढ्यात मावशीनं सरळ विचारलं, "माजा नाव कितवा हाय?"

साहेबांनी खण उघडला नाही. त्यांना पाठ होतं. "चौथं," ते म्हणाले.

"चवथा?" मावशीला खरोखरच आश्चर्य वाटलं होतं. "मना वाटला पयला आसल."

"म्हणजे?"

"सायेब, काचंचा माल सगला मीच भरते. बाकीच्या फोडतात म्हनून तुमीच मना दिला. डब्याला चार येढं कागद गुंडालावा लागतो. वर नव्या बायांना शिकवाचा. मी भराभर कशी करू? आनि माज्या आधीच्या तिगी कोन ते बी सांगते." तिनं बोटांवर मोजत तीन नावं घेतली. एक तिच्याबरोबर काचेवर, दुसरी परत आलेला माल तपासून बघणारी, तिसरीला सातवा महिना.

तिन्ही नावं बरोबर होती. साहेबांच्या चेहऱ्यावरूनच आम्हाला कळलं.

ते बराच वेळ खणाच्या कडीशी चाळा करत होते. मग म्हणाले, "गेल्या वर्षी काचेचं नुकसान अर्ध्यावर आलं, म्हणून मला वरून शाबासकी मिळाली होती." कोणाला उद्देशून म्हणाले कोण जाणे. त्यांनी पेन काढलं आणि शेवटच्या ओळीच्या खाली सही केली. वरच्यांना त्यांनी काय कळवलं ते आम्हाला सांगितलं नाही. पण कंत्राट नवं झालं तेव्हा मावशीचं बोट हजेरीच्या यंत्रावर सगळ्यात आधी टेकलं, आणि सातव्या महिन्यातली बाई बाळंतपणानंतर परत आली. दोघींना मात्र जावं लागलं. त्यांची नावं साहेबांनी आणि दादांनी दोन दिवस बसून, सगळ्या बायकांशी बोलून ठरवली होती. दादांना त्या दोन दिवसांत जेवण गेलं नाही.

पण सही झाली त्या संध्याकाळी आम्हाला यातलं काही माहीत नव्हतं. आम्ही केबिनमधून बाहेर पडलो ते परीक्षा सुटल्यासारखे. दादा म्हणाले, कागद नोटीसबोर्डावर कुजतो, याचा फ्लेक्स करू. साहेबांनी लगेच हो म्हटलं. चौघं रिक्षात दाटीवाटीनं बसून धामणकर नाक्याला गेलो. मावशी दादांच्या आणि माझ्या मध्ये, पोरगी ड्रायव्हरच्या शेजारी, सगळ्यांचे आवाज एकावर एक.

बॅनरच्या दुकानातला मुलगा वाढदिवसाचे आणि निवडणुकीचे फ्लेक्स करण्यात मुरलेला. त्यानं नियमांचा मजकूर घेतला, सोनेरी किनार टाकली, चारी कोपऱ्यांत गुलाब टाकले आणि मान वर न करता विचारलं, "फोटो किसका डालना है?"

"फोटो नको," पोरगी म्हणाली.

"चौघांचे टाक," दादा म्हणाले.

दादांनी पुतण्याच्या हळदीतला गॉगलवाला फोटो दिला. माझा भावाच्या लग्नातला, नथ घातलेला. पोरीनं तोंड वाकडं करत कॉलेजचा दिला. मावशीकडे आधार कार्डाशिवाय कुठलाच फोटो नव्हता आणि ते दाखवायला आम्ही तिघांनी एकदम नको म्हटलं. मग तिला दुकानाबाहेर उभी केली. मागे लूमच्या कारखान्यातून खडखड, पुढे रिक्षांचे हॉर्न, मध्ये मावशी सावधानमध्ये उभी. "हस ना," मी म्हणाले. "हसले तं दात दिसतील," ती म्हणाली, आणि हे म्हणताना हसली, तेवढ्यात पोरीनं फोटो काढला.

छापायच्या आधी मावशीनं पडद्यावरची प्रत्येक ओळ बोट ठेवून वाचली. मुलगा घड्याळ बघत होता. वाचता वाचता ती खाली पोचली आणि थबकली. आमच्या चार चेहऱ्यांच्या वर, सवयीनं, मुलानं लिहिलं होतं: शुभेच्छुक.

"निकाल दूँ क्या?" त्यानं विचारलं.

आम्ही एकमेकांकडे बघितलं. "राहू दे," मी म्हणाले. त्या क्षणी ते मला अगदी बरोबर वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी फ्लेक्स फाटकावर चढला तेव्हा बायकांनी टाळ्या वाजवल्या, मावशीला पुढे ढकलून तिच्याबरोबर सेल्फी काढले, आणि एका कंटेनरवाल्यानं गाडी थांबवून दादांना वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या. दादांनी त्या घेतल्या. साहेब आले, हात मागे बांधून बराच वेळ फ्लेक्ससमोर उभे राहिले. मला वाटलं गुलाबांवरून काही बोलतील.

"सगळं ठीक आहे," ते माझ्याशी हळू आवाजात बोलले. "माझा फोटो नाही?"

"सर, तुम्ही सही केली की."

"हो, हो. बरोबर," असं म्हणून ते आत गेले.

पुढल्या दिवशी मी आले तर फ्लेक्सच्या उजव्या कोपऱ्यात, गुलाबाच्या पाकळीवर, एक पासपोर्ट साइझ फोटो चिकटपट्टीनं लावलेला होता. कडक इस्त्रीचा शर्ट, सरळ भांग. तो कोणी लावला हे आमच्यापैकी कोणी विचारलं नाही. मावशीनं तेवढी चिकटपट्टीची सुटलेली कड अंगठ्यानं दाबून नीट बसवली.